ब्रेस्ट रिडक्शन (स्तन लहान करायचं ऑपरेशन) करून दोन वर्षं झाली. मनात असेल ते विचारा

अबोली
१२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं, हात धजत नव्हता. परवा शाळेत एक नवीन मॅडम आल्या. विशीतल्या आहेत. त्या पदराला चार-चार पिना लावून, खांदे पुढे ओढून उभ्या राहतात. त्यांना बघितलं आणि आज लिहायला बसले.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वय ४१, दोन मुलं. आठवी-नववीपासूनच माझी छाती जड होती. धाकट्याच्या वेळी आणखी वाढली आणि त्याचं दूध तुटल्यावरही उतरली नाही. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट मावेल एवढ्या खाचा पडल्या होत्या. स्तनांखालच्या घडीत पावसाळाभर ओल, लाल चट्टे, खाज. बुरशीची पावडर पर्समध्ये कायम. फळ्यावर लिहायला हात वर केला की मानेतून मुंग्या निघायच्या त्या करंगळीपर्यंत. शेवटची कधी पळाले ते आठवत नाही.

डॉक्टर बरेच झाले. मानेचे एक्स-रे, गळपट्टा, शेक, गोळ्या. "वजन उतरवा" म्हणाले, तर वर्षभरात नऊ किलो उतरवलं. चेहरा उतरला, हात उतरले, छाती तेवढीच. कुणीही मला सरळ उभं करून बघितलं नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, दुखतंय मानेत, पण ओझं पुढे आहे. प्लॅस्टिक सर्जनला दाखवा." त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. त्रास खरा आहे, असं चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं.

ऑपरेशन मे महिन्यात, सुट्टीत, पुण्यात झालं. पूर्ण भूल, साडेतीन तास. उजवीकडून ६४० ग्रॅम, डावीकडून ५८० ग्रॅम. म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. काढलेला भाग तपासणीला पाठवला होता, त्याच्या रिपोर्टवर वजन लिहून आलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

छेद तीन ठिकाणी असतात. एक बोंडशीच्या काळ्या वर्तुळाभोवती, एक तिथून सरळ खाली आणि एक खालच्या घडीत आडवा. जहाजाच्या नांगरासारखा आकार होतो. स्तन फार मोठे नसतील तर आडवा छेद टाळता येतो. बोंडशी कापून पुन्हा चिकटवतात असं पुष्कळजणींना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. तिला रक्त पुरवणारा ऊतींचा देठ शाबूत ठेवतात आणि त्या देठासकट तिला वर सरकवतात. अगदी प्रचंड आकार असेल तरच ती सुटी करून लावावी लागते.

व्रण पहिले सहा महिने लालभडक होते. ते बघून मला धडकी भरायची. आता पांढुरक्या रेघा आहेत, घडीतली थोडी जाड आहे. ते व्रण कायम राहणार. ते नको असतील तर हे ऑपरेशन करू नये, इतकं स्पष्ट सांगते.

आणि मान? तिसऱ्या दिवशी, टाके ओढत असताना, आतलं रक्त-पाणी काढणारी ड्रेनची नळी अंगाला असताना, मी पलंगावर ताठ बसले आणि मान दुखत नव्हती.

विचारा. जे माहीत आहे ते सांगेन.

रानजाई
१२ जून, रात्री १०.१५

ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी २४ वर्षांची, नाशिकला असते. तुमचा शाळेपासूनचा सगळा परिच्छेद माझाच आहे. कॉलेजमधल्या मुलांच्या नजरा वेगळ्याच. तीन प्रश्न आहेत. आईसमोर विचारता येत नाहीत. पुढे बाळाला दूध पाजता येईल का? तिथली संवेदना जाते का? आणि लग्न ठरताना हे सांगायचं का?

अबोली
१२ जून, रात्री १०.५०

रानजाई, तिन्ही प्रश्न मी सर्जनना विचारले होते, तिसरासुद्धा.

दूध: देठ शाबूत ठेवलेल्या पद्धतीत काही नलिका जोडलेल्या राहतात, म्हणून बऱ्याचजणींना थोडंफार दूध येतं. पूर्ण पुरेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. वरचं दूध द्यावं लागेल हे मनाशी धरून चालावं. माझी बाळंतपणं उरकली होती, त्यामुळे मला हा निर्णय सोपा गेला. तुझ्यासाठी तो अवघड आहे आणि तो फक्त तुझा आहे. त्रास सोसण्यापलीकडे गेला असेल तर मूल होईपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. थांबायचं ठरवलंस तर बाळाचं दूध तुटल्यावर सहाएक महिने जाऊ देतात.

संवेदना: माझी डावीकडची दोन-तीन महिन्यांत परत आली. उजवीकडे जवळपास आठ महिने बधिर होतं, आता बरीच आहे, पूर्वीइतकी नाही. काहींची जातेच. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ते घरी नेऊन वाच.

लग्न: सांगायचं. बैठकीत वडीलधाऱ्यांसमोर नाही, मुलाशी एकटीने बोलताना, ठरण्याआधी. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं सांगतो तसंच. ऐकून जो मागे सरेल तो तुझ्या दुखण्यात तुझ्याजवळ बसणार नव्हता. माझ्या नवऱ्याने दहा दिवस माझ्या ड्रेनच्या डब्यातलं रक्त मोजून वहीत लिहिलं. अशी माणसं असतात.

सिस्टरकाकू
१३ जून, सकाळी ७.०५

अबोली, फार चांगलं केलंस. मी मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा प्लॅस्टिक सर्जरीच्या वॉर्डात. नळीबद्दल आणि घरच्या तयारीबद्दल मी सांगते, कारण हे ओपीडीत घाईत राहून जातं.

ड्रेन म्हणजे आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी बारीक नळी. टोकाला दाबून ठेवलेली डबी असते. रिडक्शननंतर ती बहुधा एक ते तीन दिवस राहते, काहींना जास्त. पोटाच्या ऑपरेशनला आठवडाभर किंवा जास्तही. काढताना दोन सेकंद ओढल्यासारखं वाटतं, बस्स.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालणं. भूल उतरली की त्याच संध्याकाळी उठायचं, नर्सला धरून बाथरूमपर्यंत का होईना. पडून राहिलं की पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली की जीवावर बेतते. एका पायाची पोटरी दुखली, सुजली, किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. एका बाजूचा स्तन भराभर फुगून दगडासारखा झाला, तरीही तेच. ताप, घाण वास, बोंडशी काळी-निळी पडणं, यालाही लगेच दाखवायचं.

आणि बायांनो, मिश्री. डॉक्टर विचारतात "सिगरेट ओढता का?", बाई म्हणते नाही, आणि ते खरंच असतं. पण सकाळी मिश्री लावते ते ती सांगत नाही, कारण ते तिला व्यसन वाटतच नाही. मिश्री, तंबाखू, तपकीर, सगळ्यांत निकोटिन आहे. त्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरत नाही, बोंडशीचा भाग मरतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. सासूबाई लावत असतील आणि तुम्हीही लावत असाल, तर डॉक्टरांना सांगा. कुणी रागावणार नाही.

स्पष्ट_मत
१३ जून, सकाळी ११.३०

धागालेखिकेच्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे. तरी मनापासून वाटतं ते लिहितो. देवाने दिलेल्या शरीराला सुरी लावण्याआधी योग, आहार, व्यायाम पुरेसा झाला का? आपल्या आज्यांना हा त्रास नव्हता. नट-नट्यांच्या गोष्टी मध्यमवर्गात आल्या आहेत, आणि तरुण मुली हे वाचत आहेत याची काळजी वाटते.

अबोली
१३ जून, दुपारी ३.१०

तुमची काळजी खरी आहे असं मानून उत्तर देते.

स्तनात चरबी असते तशा ग्रंथीही असतात. वजन उतरलं की चरबी थोडी उतरते, ग्रंथी नाही. कुणात किती चरबी आणि किती ग्रंथी हे प्रत्येकीत वेगळं असतं. छातीचे व्यायाम खालच्या स्नायूचे होतात, वरचा भार तेवढाच राहतो. मी तीन वर्षं सूर्यनमस्कार घातले, भुजंगासनात पोटावर झोपता येत नव्हतं तरी घातले.

आता नट-नट्यांचं. मी इतिहास शिकवते म्हणून हे लिहितेच. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला १७९२ च्या सुमारास टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. तो वर्षभर बिननाकाचा हिंडला, आणि मग आपल्या पुण्याजवळ एका कारागीर जातीच्या वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. कपाळाशी एक देठ जोडलेला ठेवला होता, रक्त चालू राहावं म्हणून. दोन इंग्रज डॉक्टर बघायला उभे होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासकट छापून आलं आणि तिथून युरोपातले सर्जन ही पद्धत शिकले. सुश्रुताने तर नाक घडवण्याचं वर्णन त्याच्या कितीतरी आधी करून ठेवलं होतं. माझ्या अंगावर वापरलेली देठाची युक्ती मुळात त्याच जातीची आहे. सर्जननी कागदावर काढून दाखवली तेव्हा मी तिथेच त्यांना कावसजीची गोष्ट सांगितली.

जाता जाता, माझ्या सासूबाईंना वाटलं होतं की आत प्लॅस्टिक भरणार. या नावाचा त्या प्लॅस्टिकशी संबंध नाही. घडवणं, आकार देणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आलंय.

आणि आज्यांना त्रास नव्हता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मालतीआजी
१३ जून, रात्री ८.२५

माझा नातू मला हे वाचून दाखवत होता. पुढचं मी त्याला बाहेर पाठवून स्वतः टाइप करते आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

मी ६७ वर्षांची आहे, सांगलीची. त्रास होता. बोलायला जागा नव्हती. विहिरीवरून दोन घागरी आणताना मी नेहमी मागे राहायचे, जावा हसायच्या. उन्हाळ्यात छातीखाली सुती फडकं दुमडून ठेवायचे, अजून ठेवते. यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांनाही कधी बोलले नाही. आज पाठीत इतका बाक आला आहे की देवापुढे बसवत नाही. सून म्हणते वयाने होतं. मला माहीत आहे कशाने झालं.

या वयात हे करता येतं का? साखर आहे, गोळीने ताब्यात आहे. लोक काय म्हणतील ते मी आता ऐकणार नाही.

शल्यक
१३ जून, रात्री ११.४०

मालतीआजी, मी प्लॅस्टिक सर्जन आहे. इथे नाव सांगत नाही, म्हणजे जाहिरात ठरणार नाही. वय ही आडकाठी नाही. या ऑपरेशनसाठी वय बघत नाहीत, तब्येत बघतात. साखर ताब्यात असल्याची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, बीपी, ईसीजी, बहुधा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), भूलतज्ज्ञांकडून तपासणी. तुमच्या वयात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आधी करायचीच. कुठे गाठ असेल तर आधी तिचा निकाल लागला पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन वगैरे चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. ती कधी थांबवायची हे सर्जन आणि तुमचे फिजिशियन मिळून ठरवतील. आणलेली काढे-चूर्णंही सांगा, काहींनी रक्त जास्त वाहतं. पाठीला आलेला बाक ऑपरेशनने सरळ होणार नाही, पण ओझ्याने होणारं दुखणं आणि घडीतली जखम यांत फरक पडतो.

सर्वांसाठी: सर्जन कसा ओळखायचा? एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षं, त्यावर साधारण जनरल सर्जरीची तीन वर्षं, त्यावर प्लॅस्टिक सर्जरीची तीन वर्षं. त्या शेवटच्या पदवीचं नाव एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डीआर.एन.बी.) प्लॅस्टिक सर्जरी. पाटीवर "कॉस्मेटिक सर्जन", "एस्थेटिक एक्स्पर्ट" असं लिहिलंय म्हणजे ही पदवी आहे असं समजू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघता येते, नंबर मागा. चांगला सर्जन नंबर मागितला म्हणून दुखावत नाही.

आणि पैशांची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, इथे प्लॅस्टिक सर्जरी विभाग आहेत. वाट बघावी लागते, कारण जळालेले आणि अपघातातले रुग्ण आधी घ्यावे लागतात. पण वेदनेसाठी आलेल्या बाईला तिथे परत पाठवत नाहीत.

पाऊलवाट
१४ जून, सकाळी ६.२०

जुळी झाल्यावर माझं पोट गेलंच नाही. चार वर्षं झाली. अजून "कितवा महिना?" विचारतात. रिक्षावाल्यानेसुद्धा विचारलं. एका क्लिनिकमध्ये लायपो (नळीने चरबी ओढून काढणं) सांगितलंय, "दुपारी करा, रात्री घरी", पॅकेजवर सूटही आहे, या महिन्यापुरती. करू का?

शल्यक
१४ जून, दुपारी १.१५

ताई, आज नका करू. आधी एक करून बघा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोकं आणि खांदे किंचित उचला आणि बेंबीच्या वरखाली मधोमध बोटं दाबा. बोटं आत जातात का? किंवा पोटाच्या मध्यभागी नावेसारखा उंचवटा येतो का? जुळ्यांनंतर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात. मग आतडी पुढे येतात आणि पोट गर्भारपणासारखं दिसतं. ती चरबी नाही. लायपोने चरबी निघते, स्नायू जुळत नाहीत आणि सैल कातडीही घट्ट होत नाही. तुमचे पैसे जातील आणि पोट तिथेच राहील.

आधी फिजिओथेरपिस्टकडे जा. पुष्कळ जणींना नुसत्या व्यायामाने फरक पडतो. नाहीच पडला तर टमी टक. त्यात स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात, जादा कातडी काढतात, बेंबीला नवीन जागी छेद देऊन बाहेर काढतात. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत आडवा व्रण राहतो, चड्डीच्या रेषेत लपेल असा. काढलेल्या कातडीबरोबर बेंबीखालचे ताणाचे वळ जातात, वरचे राहतात. पुन्हा मूल हवं असेल तर थांबा. हर्निया आहे का तेही बघून घ्या, सोनोग्राफीत कळतं.

आता सूट आणि "रात्री घरी" याबद्दल. लायपोसक्शन लहान ऑपरेशन नाही. सलाइनमध्ये लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रिनलिन घालून ते पाणी चरबीत भरतात, मग नळीने ओढतात. भुलीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, ती ओलांडली तर हृदय आणि मेंदूवर परिणाम होतो. पाच लिटरहून जास्त काढायचं असेल तर रात्रभर देखरेखीत ठेवणं गरजेचं आहे. चरबीचे कण फुप्फुसात जाऊ शकतात. मे २०२२ मध्ये बंगळुरूत २१ वर्षांची एक कन्नड अभिनेत्री चरबी काढायच्या ऑपरेशननंतर गेली, तुम्ही बातम्या वाचल्या असतील. तिच्यासारख्या मुलींसाठी लिहितो. ऑपरेशन थिएटर कुठलं, भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असेल का, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस चुळबुळला, तर उठून या.

मांडीतली, पोटातली चरबी काढून पार्श्वभागात भरण्याचं फॅड आलंय. सौंदर्यासाठी होणाऱ्या ऑपरेशनांत मृत्यूचा धोका त्यात सगळ्यांत जास्त मानला जातो, कारण चरबी तिथल्या मोठ्या शिरांत शिरली की काही मिनिटांत खेळ संपतो. मी ते करत नाही.

पाऊलवाट
१४ जून, दुपारी २.००

तीन बोटं आत गेली. मी चार वर्षं स्वतःला खादाड समजून उपाशी राहत होते.

अबोली
१४ जून, दुपारी २.२०

पाऊलवाट, 💐 आज पोटभर जेव.

विहीरकाठ
१४ जून, रात्री ९.००

मी पुरुष आहे, इथं लिहू का नको कळंना. माझं पोरगं १९ वर्षांचं. सोलापूरकडचं गाव आमचं. लहानपणी दिवसभर विहिरीत डुंबायचं, आता चार वर्षं झाली शर्टच काढत नाही. मला वाटलं प्रेमात बिमात पडलंय. परवा आईजवळ रडलं. छाती बाईमाणसासारखी आलीय म्हणतंय. भरतीला जायचं होतं त्याला, तिथं उघडं उभं करतात म्हणून फॉर्म भरला नाही. याला इलाज हाय का?

शल्यक
१४ जून, रात्री १०.३०

दादा, बरं झालं लिहिलंत. इलाज आहे, आणि हे अगदी नेहमीचं आहे. वयात येताना बऱ्याच मुलांना असं होतं, बहुतेकांचं दोनएक वर्षांत आपोआप बसतं. तुमच्या मुलाला चार वर्षं झाली म्हणजे आता बसण्याची शक्यता कमी.

आधी फिजिशियन किंवा हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर हार्मोन तपासतील. वृषणं हाताने तपासायलाच हवीत, क्वचित तिथल्या गाठीमुळे असं होतं. जिममध्ये कुणी इंजेक्शनं, पावडरी दिल्यात का हे त्याला प्रेमाने विचारा. काही औषधांनीही होतं. बोंडशीमागे रबरासारखी घट्ट चकती लागत असेल तर ती ग्रंथी असते. ती काळ्या वर्तुळाच्या कडेला छोटा छेद देऊन काढतात, आजूबाजूची चरबी लायपोने. व्रण शोधावा लागतो इतका बारीक राहतो. चार-सहा आठवडे घट्ट बनियनसारखा पट्टा घालायचा. भरतीच्या तारखा बघून वेळ ठरवा.

सिस्टरकाकू
१४ जून, रात्री १०.५०

दादा, पोराला आज एवढंच सांगा की बाबांना कळलंय. बाकी सगळं नंतर.

निळी_शाई
१५ जून, सकाळी १०.१०

उलट बाजूने विचारते. दोन मुलांना पाजून माझे स्तन अगदी ओघळले आहेत. इम्प्लांट (आत बसवायची सिलिकॉनची पिशवी) बसवायचा विचार आहे. कॅन्सर होतो म्हणतात, खरं का? एकदा बसवलं की आयुष्यभराचं काम झालं ना?

शल्यक
१५ जून, दुपारी १२.४५

आयुष्यभराचं नाही. हे पहिल्या भेटीतच सांगायला हवं. इम्प्लांट ही वस्तू आहे, ती कधीतरी काढावी किंवा बदलावी लागते. कुणाला दहा वर्षांनी, कुणाला वीस, कुणाला लवकर. शरीर तिच्याभोवती पडदा तयार करतं, तो आवळला तर स्तन घट्ट होतो, दुखतो. सिलिकॉन जेलचं इम्प्लांट आत फुटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून औषधं आणि वैद्यकीय वस्तूंवर देखरेख ठेवणारं अमेरिकेचं सरकारी खातं, एफडीए, पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगतं. त्याचा खर्च आजच धरा.

नेहमीचा स्तनाचा कॅन्सर इम्प्लांटमुळे होतो असं दिसलेलं नाही. पण खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमाचा (पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरचा) एक दुर्मिळ प्रकार आढळला. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने तिचे बायोसेल पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले. त्याआधी २०१० मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं उघड झालं होतं, हजारो बायकांना ते काढून घ्यावे लागले. म्हणून कंपनी, पृष्ठभाग, बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, आधार कार्डासारखं जपा. पुढे कधी मॅमोग्राफी केली तर तंत्रज्ञाला आधी सांगा, त्यांना जास्तीच्या बाजूंनी फोटो घ्यावे लागतात.

आणि ताई, तुम्ही "ओघळले" म्हणालात, "लहान झाले" म्हणाला नाहीत. ओघळण्याला इम्प्लांट हा इलाज नसतो, कधीकधी वजनाने आणखी ओघळतात. तुम्हाला नुसतं उचलण्याचं ऑपरेशन पुरेल असं वाटतं. त्यात आत काही घालत नाहीत. प्रत्यक्ष बघून ठरेल.

निळी_शाई
१५ जून, दुपारी १.३०

मला दोन ठिकाणी थेट इम्प्लांटचे साइझ दाखवले. उचलण्याचं कुणी बोललंच नाही. धन्यवाद डॉक्टर.

टोरांटोकर
१५ जून, रात्री ११.५५

मी ओंटारियोत केलं. इथे त्रासासाठीचं रिडक्शन सरकारी योजनेत बसतं, पण मी चौदा महिने रांगेत होते. भारतात विम्याचं काय? बहीण विचारते आहे.

अबोली
१६ जून, संध्याकाळी ६.१५

इथे मला दुखावणारा भाग येतो. बहुतेक सगळ्या पॉलिसींत कॉस्मेटिक आणि प्लॅस्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना चालते, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तर. मी मानेचे रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या पावत्या, घडीतल्या जखमांचे फोटो, सर्जनचं पत्र, सगळं जोडलं. कंपनीने "सौंदर्यासाठी" असा शेरा मारून फाइल परत केली. मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. सगळं धरून दोन लाख दहा हजार झाले, पतसंस्थेतून काढले. फोटो मी ज्या लाजेने काढले होते ते माझं मला माहीत, आणि कुठल्या तरी टेबलावर ते बघून कुणीतरी सौंदर्य लिहिलं.

तरी तुमच्या बहिणीने अर्ज करावा, आधीच, लेखी मंजुरीसाठी. हर्नियासारखं काही सोबत असेल तर तेवढा भाग मिळू शकतो. आणि बिल मागताना जीएसटी विचारा. निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर १८ टक्के लागतो. जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करण्यासाठी असेल तर माफ आहे. फाइलवर निदान काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून ते नीट लिहून घ्यावं.

स्पष्ट_मत
१६ जून, रात्री ९.२०

तीन दिवस सगळे प्रतिसाद वाचले. मालतीआजींचा दोनदा वाचला. माझी आई कायम छातीखाली फडकं ठेवायची. मला वाटायचं घामासाठी. ती आता नाही. अबोलीताई, मी लिहिलं ते मागे घेतो.

अबोली
१६ जून, रात्री ९.४५

🙏

रानजाई
१९ जून, रात्री १०.०५

आईला धागा वाचायला दिला. ती काहीच बोलली नाही, पण सकाळी म्हणाली की रजा टाकते, जाऊ दोघी. अजून करायचं ठरवलं नाहीये, फक्त दाखवायला जातोय. दुधाचा प्रश्न वहीत पहिला लिहिलाय.

मालतीआजी
२७ जून, दुपारी ४.३०

मॅमोग्राफी झाली, काही निघालं नाही. साखरेची सरासरी थोडी जास्त आली म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे दिले आहेत. गणपती उरकले की तारीख. सून सोबत येणार आहे, तिने विचारलं की आई इतकी वर्षं का नाही बोललात. मी म्हटलं तूही विचारलं नाहीस. मग दोघी रडलो. घरी काय तयारी करून ठेवू?

अबोली
२७ जून, संध्याकाळी ७.००

आजी, समोरून उघडणारे सुती गाऊन शिवून घ्या, चार तरी. बटणं नकोत, नाड्या लावा, पहिले काही दिवस बोटांनी बटण लावायला खांदा ओढला जातो. डोक्यावरून घालायचं काहीच नको. गॅसजवळचे डबे, देवाचं तेल, तुमच्या गोळ्या, सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, हात वर करायचा नाही. कळशी, कुकर, नातवंड, सहा आठवडे काही उचलायचं नाही. पाठीवर झोपायला लागेल, त्यासाठी दोन्ही बगलांना एकेक उशी. कॉम्प्रेशनची (घट्ट दाबून धरणारी) ब्रा दोन घ्या, एक धुतली की दुसरी हवी. नवे ब्लाउज आत्ताच शिवू नका, सूज उतरून आकार ठरायला तीन-चार महिने जातात. माझे सहा वाया गेले.

आणि देवापुढे बसायला एक पाठीचा पाट करून घ्या सुताराकडून, टेकून बसता येईल असा. पहिले दोन आठवडे तो लागेल.

मालतीआजी
२७ जून, संध्याकाळी ७.४०

पाट सांगितला. गाऊनचं कापड उद्या आणते. नाड्या मी स्वतः लावीन.